रिडक्शन लिनोकटवर कलाशिक्षणातलं संशोधन: कोरताना घेतलेला निर्णय पुरावा म्हणून कसा टिपायचा?

निळी_शाई

कलाशिक्षणातल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी प्रत्यक्ष कलाकामावर आधारित संशोधन करायचं ठरवलं आहे. माध्यम रिडक्शन लिनोकट. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकच ब्लॉक असतो, म्हणजे लिनोलियमचा सपाट तुकडा. कागदाचं पांढरं जिथे राहायला हवं तेवढं आधी कोरून काढायचं आणि सगळ्या कागदांवर सर्वांत फिका रंग छापायचा. मग जिथे तो फिका रंग दिसायला हवा तो भाग कोरायचा आणि त्याच कागदांवर पुढचा गडद रंग छापायचा. शेवटचा रंग छापून होईपर्यंत ब्लॉक जवळजवळ संपलेला असतो. कोरलेलं परत येत नाही, मागचा रंग पुन्हा छापता येत नाही.

मला नेमकं हेच तपासायचं आहे: मागे फिरता न येणाऱ्या माध्यमात निर्णय कसे घेतले जातात? पहिल्या भागात माझ्या स्वतःच्या चार रंगांच्या सहा प्रिंट्स, दुसऱ्या भागात १३-१४ वर्षांच्या दहा मुलांच्या तीन रंगांच्या प्रिंट्स, असा आराखडा आहे.

अडचणी अशा. मार्गदर्शकांचं म्हणणं, "हा पोर्टफोलिओ झाला, यात संशोधन कुठे आहे?" नोंदवही आणि फोटो ठेवायचे एवढं कळतं, पण किती, कधी आणि कसले हे कळत नाही. मुलांकडून नोंदी कशा घ्यायच्या? आणि माझ्या प्रिंट्स कला म्हणून सामान्य निघाल्या तर संशोधन पडतं का?

उलटा_कागद

मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आराखड्यातच यायला हवं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली केलेली तीन भागांची विभागणी इथे उपयोगी पडते: कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन. ही विभागणी त्यांनी कलासमीक्षक हर्बर्ट रीड यांच्या शिक्षणविषयक मांडणीवरून घेतली होती, त्यामुळे कलाशिक्षणवाल्यांना ती परकी वाटायचं कारण नाही. लिनोकटचा इतिहास लिहिला तर तो पहिला प्रकार. कागद, शाई, संदर्भचित्रं जमवून एक चांगली प्रिंट काढली तर तिसरा. तिसऱ्यात सगळं ज्ञान त्या कलाकृतीत मुरतं आणि तिथेच राहतं, दुसऱ्याच्या हाती वेगळं असं काही लागत नाही. मार्गदर्शकांना तुमच्या आराखड्यात हा तिसरा प्रकार दिसतो आहे. तुम्हाला हवा आहे दुसरा.

दुसऱ्या प्रकाराची कसोटी मी एका वाक्यात धरतो: हा प्रश्न ब्लॉक न कोरता सुटला असता का? सुटला असता तर कोरण्याची गरज नाही, वाचन आणि मुलाखती पुरे आहेत. सुटला नसता तर कोरणं ही तुमची पद्धत ठरते, आणि मग पद्धतीला लागतात ते सगळे नियम तिला लागू होतात. काय टिपलं, कधी टिपलं, दुसरा माणूस ते तपासू शकतो का, हे सांगावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. "निर्णय कसे घेतले जातात" हे फार पसरट आहे. कोणता निर्णय? रचनेचा, रंगाचा, की थांबण्याचा? मी असा आवळेन: "रिडक्शन लिनोकटच्या प्रत्येक अवस्थेत, पुढे काय कोरायचं याची आधी आखलेली योजना आणि प्रत्यक्ष कोरलेला भाग यांत कुठे फरक पडतो, आणि करणारा त्या फरकाचं काय करतो?" या प्रश्नात मोजता येण्यासारखं काही आहे, बघून समजण्यासारखं काही आहे, आणि ब्लॉक कोरल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

आणखी एक धोका. "मागे फिरता न येण्यामुळे मुलं जास्त विचार करतात" असा दावा चुकूनही करू नका. तो करायचा तर त्याच मुलांनी मागे फिरता येणाऱ्या माध्यमातही तेच काम केलेलं लागेल, उदाहरणार्थ न चिकटवलेल्या कागदी तुकड्यांचं कोलाज. निम्म्या मुलांनी आधी कोलाज आणि निम्म्यांनी आधी लिनो, असा क्रमही फिरवावा लागेल. एका पदव्युत्तर प्रबंधात ते पेलत नाही. "कसं होतं" एवढंच विचारा, "कशामुळे होतं" याच्या वाटेला जाऊ नका.

सहा प्रिंट्स मात्र कमी करा. चार रंगांच्या सहा म्हणजे चोवीस अवस्था. प्रत्येकीची नीट नोंद ठेवायची तर कोरण्यापेक्षा नोंदीच जास्त होतील आणि चौथ्या प्रिंटपासून तुम्ही त्या उरकायला लागाल. तीन पुरेत, पण पहिलीतून जे कळलं त्यामुळे दुसरीत काहीतरी ठरवून बदललेलं असलं पाहिजे आणि दुसरीतून तिसरीत. तो बदल तारखेसह लिहून ठेवा. पोर्टफोलिओ आणि संशोधन यांतली रेषा मला तिथे दिसते.

राखाडी_पट्टी

नोंदींबद्दल लिहितो, कारण बहुतेक प्रबंध इथेच फसतात.

आधी कागदांचं गणित. रिडक्शनमध्ये पहिला रंग छापतानाच एकूण कागद ठरतात, नंतर एकही वाढवता येत नाही. चार रंगांच्या प्रिंटमध्ये पहिल्या तीन अवस्थांनंतर प्रत्येकी एक कागद बाजूला काढून ठेवायचा, तो पुढे छापायचा नाही. हे तीन गेले. रजिस्ट्रेशन (प्रत्येक रंग कागदावर नेमक्या त्याच जागी बसणं) सरकून किंवा शाई जास्त बसून साधारण तीन वाया जातात असं धरा. शेवटी सहा चांगल्या प्रती हव्या असतील तर सुरुवात बारा कागदांनी करा. संशोधक नेमके हे अवस्थांचे तीन कागद विसरतात आणि मग हातात फक्त शेवटची प्रिंट उरते. तीवरून काहीच सिद्ध होत नाही.

पण बाजूला काढलेला कागदही अपुरा असतो. त्यावर एकावर एक रंग चढलेले असतात, त्यामुळे या अवस्थेत नेमकं काय कोरलं ते झाकलं जातं. ब्लॉकची वेगळी नोंद हवी. काळ्या शाईत एक छाप काढावा असं वाटेल, पण मग ब्लॉक पुसावा लागतो आणि कोपऱ्यात उरलेली काळी पुढच्या पिवळ्यात उतरते. त्याऐवजी पातळ कागद ब्लॉकवर ठेवून मऊ ग्राफाइटची कांडी आडवी धरून घासा. उंच भाग काळा येतो, कोरलेला पांढरा राहतो. दोन मिनिटांचं काम आहे, शाई लागत नाही, आणि कागद ब्लॉकच्याच मापाचा असल्याने दोन अवस्थांचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की मधल्या काळात नेमकं काय गेलं ते उघड दिसतं. संशोधनाच्या दृष्टीने शेवटच्या प्रिंटपेक्षा हे घासकागद मोलाचे आहेत.

फोटो. प्रिंटसाठी कॅमेरा वर टांगून पक्का करा, दोन्ही बाजूंना एकाच जातीचे दोन दिवे ४५ अंशांत, खोलीतले बाकी दिवे बंद. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, रॉ फाइल, आणि प्रत्येक बैठकीच्या पहिल्या फोटोत रंग जुळवण्यासाठी करडं कार्ड. फोनवर काढणार असाल तर एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. नाहीतर पिवळ्या अवस्थेत फोन आपोआप निळसर भरपाई करतो आणि तुम्ही रंगाबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य लटकं पडतं. ब्लॉकचा फोटो मात्र वेगळा. एकच दिवा, ब्लॉकच्या पातळीपासून १५-२० अंश वर, म्हणजे प्रत्येक घावाची सावली पडते. वरून दोन दिवे लावले तर कोरलेला आणि न कोरलेला भाग सारखाच दिसतो.

शाईचं मिश्रण "थोडा हिरवा" असं लिहू नका. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि लिहा: पिवळा ८ ग्रॅम, पारदर्शक माध्यम ४ ग्रॅम, निळा ०.५ ग्रॅम. शेजारी बोटभर शाईचा पट्टा. तेलाची शाई पातळ बसली असेल तर दीड-दोन दिवसांत पुढचा थर घेते. जाड बसली तर वर चकाकी येते आणि पुढची शाई त्यावर बसत नाही, ठिपक्याठिपक्यांत फाटते. असं झालं तर ते "माध्यमाचा प्रतिसाद" म्हणून विश्लेषणात घालायचा मोह होतो. तो निर्णय नव्हता, थर जाड होता. तांत्रिक बिघाड आणि निर्णय यांचे रकाने वेगळे ठेवा.

आता नोंदवही. प्रत्येक अवस्थेला तीन नोंदी, तिन्ही छोट्या:

कोरण्याआधी: काय काढणार, काय ठेवणार, दुसरा पर्याय कोणता होता.
पहिला कागद उचलल्यावर दहा मिनिटांच्या आत: काय अपेक्षित होतं, काय आलं.
दुसऱ्या दिवशी: कालच्या नोंदीला हात न लावता, वेगळ्या रंगाच्या पेनने, आता काय वाटतं.

ही तिसरी नोंद वेगळी ठेवण्याचं कारण अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेला फरक. करता करता होणारा विचार आणि करून झाल्यावर मागे वळून केलेला विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याने एकदम लिहिलेल्या नोंदवहीत सगळंच दुसऱ्या प्रकारचं असतं. त्यात प्रत्येक अपघात हेतुपुरस्सर झालेला दिसतो, कारण शेवट माहीत असताना माणूस तशीच गोष्ट रचतो. परीक्षकाला हे पानभर वाचून लगेच कळतं.

पिकासोच्या बैलाच्या अकरा शिलामुद्रा, १९४५-४६ मधल्या, सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. भरलेल्या, वजनदार बैलापासून मोजक्या रेषांपर्यंत. अकराही अवस्था समोर आहेत, म्हणून काय गेलं ते आपल्याला रेष न् रेष सांगता येतं. का गेलं, ते मात्र अंदाजाने. तुमच्या बाबतीत तो अंदाज कोणाला करावा लागू नये, एवढ्यासाठी या तीन नोंदी.

फळा_खडू

मुलांच्या भागाकडे वळू या, कारण कलाशिक्षणाचा प्रबंध असेल तर वजन इथे असायला हवं.

आधी संमती. पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची संमती, दोन्ही. मुलासाठीचं पत्रक त्याच्या भाषेत, एका पानाचं. त्यात तीन गोष्टी ठळक हव्यात: मी कधीही "नको" म्हणू शकतो, नको म्हटलं तरी प्रिंट करता येईल, आणि याचा गुणांशी संबंध नाही. शेवटची गोष्ट नुसती लिहून चालत नाही. तुम्हीच त्यांच्या शिक्षिका असाल तर मूल नाही म्हणूच शकत नाही. म्हणून संमतीपत्रं दुसऱ्या कोणीतरी गोळा करावीत, आणि कोणी होकार दिला हे त्या कामाचं मूल्यमापन संपेपर्यंत तुम्हाला कळू नये. फोटोत फक्त हात आणि ब्लॉक घ्या. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकाची यादी वेगळ्या ठिकाणी कुलुपात.

सुरक्षेबद्दल आराखड्यात एक परिच्छेद लागतोच. पुढे-मागे पट्टी ठोकलेली फळी प्रत्येक मुलाला, म्हणजे ब्लॉक पट्टीला टेकून राहतो आणि दुसरा हात पात्यापुढे जात नाही. लिनो गार असेल तर ताठ होतो, मूल जोर लावतं आणि कटर निसटतो. कोरण्याआधी ब्लॉक थोडा कोमट करून घ्या, दुखापती आणि नको असलेल्या रेघा दोन्ही कमी होतात. बोथट कटर धारदारपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

"काम करताना मोठ्याने विचार सांग" ही पद्धत या वयात कोरताना वापरू नका. लक्ष पात्यावर असायला हवं, आणि मूल बोलायला लागलं की हात थांबतो. मग तुम्ही नोंदवता ते त्याच्या बोलण्याचं वळण, कोरण्याचं नाही. त्याऐवजी हे करा.

प्रत्येक अवस्थेच्या सुरुवातीला मुलाला त्याच्याच ब्लॉकच्या घासकागदाची झेरॉक्स द्या. कोरण्याआधी त्याने जे काढायचं ठरवलं आहे तो भाग लाल पेन्सिलने रंगवायचा. पाच मिनिटं. मग झेरॉक्स तुमच्याकडे जमा, म्हणजे कोरताना तो ती बघून कोरत नाही. कोरून झालं की नवा घासकागद. लाल भाग आणि प्रत्यक्ष गेलेला भाग एकावर एक ठेवले की तीन क्षेत्रं निघतात: ठरवलं आणि कोरलं, ठरवलं पण ठेवलं, ठरवलं नव्हतं पण कोरलं. तुमच्या संशोधनाचा गाभा या दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षेत्रात आहे.

यात एक मोठी फट आहे. तिसऱ्या क्षेत्रात कटर निसटून गेलेल्या रेघाही येतात. त्या वेगळ्या काढायच्या तर मुलाने त्याच तासात, कोरून झाल्याबरोबर, नव्या घासकागदावर निसटलेल्या जागी फुली मारायची. पुढच्या आठवड्यात विचारलंत तर अर्ध्या फुल्या गायब होतात, कारण तोवर मुलाने त्या रेघेचं गवत किंवा पाऊस केलेला असतो. ते रूपांतर तर तुम्हाला हवंच आहे, पण ती रेघ आधी निसटलेली होती हे सिद्ध करायला फुली लागते.

मुलाखत सगळं संपल्यावर, एका मुलाला १५ मिनिटं. समोर त्याच्या तिन्ही अवस्था मांडायच्या आणि "का केलंस?" असं विचारायचं नाही. "का"ला मुलं बरोबर वाटेल असं उत्तर शोधतात. "इथे आणखी काय करता आलं असतं?" आणि "इथे कोरायचं थांबवलंस तेव्हा कुठे बघत होतास?" हे प्रश्न चालतात. दुसरं उत्तर देताना बहुतेक मुलं बोट ठेवून दाखवतात. कुठे बोट ठेवलं तेही नोंदवा.

प्रात्यक्षिक. तुम्ही वर्गासमोर निसटलेली रेघ सावरून दाखवलीत तर दहापैकी आठ मुलं तसंच सावरतील आणि तुम्ही ते "मुलांची सावरण्याची पद्धत" म्हणून लिहाल. प्रात्यक्षिकात काय दाखवणार आणि काय दाखवणार नाही हे लिहून ठेवा आणि प्रबंधाला जोडा.

आधी तीन मुलांवर पायलट, म्हणजे छोटी चाचणी करा. ब्लॉक १० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, कागद प्रत्येकी सहा. पाण्याची शाई घ्या, पातळ थर अर्ध्या तासात वाळतो. ओली असताना वरून छापलंत तर मात्र खालचा थर उचलून येतो.

उलटा_कागद

फळा_खडू यांची झेरॉक्सची युक्ती स्वतःच्या प्रिंट्सनाही लावा. तीच पद्धत दोन्हीकडे असेल तर पहिला आणि दुसरा भाग एकाच प्रबंधाचे वाटतील. आत्ता ते शेजारी ठेवलेले दोन प्रबंध आहेत.

क्रमही महत्त्वाचा. आधी स्वतःच्या तिन्ही आणि मग मुलं, असं करू नका. तुमची पहिली प्रिंट, मग पायलट, मग प्रात्यक्षिकाचं टिपण लिहून बंद करा. त्यानंतर दुसरी प्रिंट, मग वर्ग, आणि तिसरी प्रिंट मुलांच्या कामात दिसलेल्या एखाद्या पद्धतीला उत्तर म्हणून. प्रात्यक्षिक दुसऱ्या प्रिंटच्या आधी बंद करायचं कारण उघड आहे: तुमच्या हाताला नवं काही सापडलं की ते नकळत वर्गात उतरतं.

कलाकार, संशोधक आणि शिक्षक या तिन्ही भूमिका एकत्र धरणारी पद्धत (ए/आर/टोग्राफी) कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रीटा अर्विन आणि सहकाऱ्यांनी वाढवली. तुमचा आराखडा तिच्या जवळ जातो, मार्गदर्शकांना सांगायला आधार मिळेल. मात्र नाव घेतलं म्हणजे पद्धत झाली असं नाही. कोणती नोंद तुम्ही कोणत्या भूमिकेतून केली हे प्रत्येक नोंदीवर लिहावं लागेल.

दोन_रकाने

विश्लेषणाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

एकक आधी ठरवा. माझ्या मते एकक म्हणजे "एक निर्णय": जिथे किमान दोन वाटा होत्या आणि एक घेतली, याचा पुरावा चित्रात किंवा शब्दांत आहे अशी जागा. परिच्छेद किंवा वाक्य हे एकक धरलंत तर भरभरून लिहिणारं मूल जास्त निर्णय घेणारं ठरतं आणि गप्प, पण हाताने विचार करणारं मूल गळून पडतं. कलाशिक्षणात हा अन्याय नेहमी होतो.

कोडची, म्हणजे निर्णयांना द्यायच्या नावांची यादी पुस्तकातून आणू नका, पायलटच्या नऊ अवस्थांमधून काढा. सुरुवातीला चार-पाच पुरतात: योजनेप्रमाणे, निसटलेलं सामावून घेतलं, घाबरून ठेवलं, शेजाऱ्याचं बघून बदललं, कंटाळून सोडलं. शेवटचे दोन गाळायचा मोह होतो, कारण ते "सर्जनशील" दिसत नाहीत. गाळू नका. "घाबरून ठेवलं" आणि "विचारपूर्वक ठेवलं" यांत फरक करायला मुलाचे शब्द लागतात, नुसत्या चित्रावरून तो कळत नाही. मुलाखतीत दुजोरा नसेल तर "ठेवलं, कारण अस्पष्ट" असा कोड ठेवा. तो किती वेळा आला हेही प्रामाणिकपणे छापा.

दहा मुलं, तीन अवस्था, म्हणजे तीस संच. दुसऱ्या व्यक्तीकडून कोडिंग तपासून घेताना एकूण सामग्रीचा काही टक्के भाग देण्याची पद्धत आहे. तीसचे २० टक्के म्हणजे सहा संच, त्यावर जुळणीचा आकडा काढण्यात अर्थ नाही. पूर्ण तीस द्या. जिथे मतभेद होतील त्या जागांवर बसून बोला आणि ती चर्चा प्रबंधात घ्या. आणि दहा मुलांचे टक्के कृपा करून काढू नका. "४० टक्के मुलांनी" यापेक्षा "दहापैकी चार मुलांनी" हे खरं आहे.

मांडणीसाठी भिंत वापरा. आडवं मुलांचे क्रमांक, उभं अवस्था, प्रत्येक चौकटीत झेरॉक्स आणि घासकागद. पडद्यावर हे जमत नाही, कारण एका वेळी दोनच चौकटी दिसतात. दूर उभं राहिलं की एखाद्या उभ्या ओळीत लाल भाग अवस्थेगणिक लहान होत गेलेला दिसतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि तारीख घालून लिहा, नंतर ते "विश्लेषणातून पुढे आलं" असं मोघम लिहावं लागणार नाही.

निळी_शाई

फार मदत झाली. सहाच्या तीन प्रिंट्स करते. पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून हवं आहे: माझी प्रिंट कमजोर निघाली तर?

राखाडी_पट्टी

माझं मत कडक आहे. प्रिंट्स प्रबंधाचा भाग म्हणून सादर होणार असतील तर त्या प्रिंट म्हणून उभ्या राहिल्या पाहिजेत. रजिस्ट्रेशन दोन मिलिमीटर सरकलेलं असेल तर परीक्षक निर्णयांबद्दल वाचणार नाही, सरकलेली कड बघत बसेल. अनवधानाने झालेली चूक आणि विचारपूर्वक स्वीकारलेली चूक यांत फरक करायचा तर आधी हातात नेमकेपणा हवा. ब्लॉकच्याच जाडीच्या पुठ्ठ्याची काटकोनी चौकट मोठ्या फळीवर चिकटवा, ब्लॉक तिच्या कोपऱ्यात बसवा आणि कागदासाठी वेगळा काटकोन लावा. कागद प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्याला आधी टेकवा. लिनो साधारण ३ मिलिमीटर जाड असतो, पुठ्ठा पातळ पडला तर कागद कडेला वाकतो आणि तिथेच सरकतो.

फळा_खडू

इथे मी वेगळं म्हणेन. हा वाद जुना आहे. कादंबरी प्रबंध म्हणून चालेल का यावर कलाशिक्षणतज्ज्ञ इलियट आयझ्नर आणि मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर १९९६ साली अमेरिकी शिक्षण संशोधकांच्या परिषदेत जाहीरपणे भिडले होते. पण त्या वादात कलाकृती हाच प्रबंध होता. इथे तसं नाही. इथे प्रिंट हे निर्णयाच्या खुणा जपणारं साधन आहे. ज्या अवस्थेत प्रिंट बिघडली ती अवस्था कलाशिक्षणासाठी जास्त बोलकी असते, कारण वर्गात मुलं त्याच जागी अडतात. बिघडलेल्या अवस्थेची नोंद चोख असेल तर ती प्रबंधातून काढू नका, प्रदर्शनातूनही काढू नका. तांत्रिक नेमकेपणाबद्दल राखाडी_पट्टी यांच्याशी सहमत आहे. कलात्मक उंची ही अट मात्र मी या प्रबंधाला घालणार नाही.

उलटा_कागद

दोन्ही मतं आराखड्यात आणायची तर प्रिंट्स कोणत्या निकषावर पाहाव्यात हे सुरुवातीलाच लिहा. तुमच्या विद्यापीठाच्या नियमांत सर्जनशील काम परीक्षेसाठी सादर होतं की नुसतं परिशिष्ट म्हणून, हे काही ठरवण्याआधी वाचून घ्या. परीक्षेसाठी असेल तर लेखी भागाची शब्दमर्यादा बदलते आणि प्रदर्शन परीक्षकांनी प्रत्यक्ष बघावं लागतं.

प्रदर्शन मांडताना शेवटच्या प्रती एका भिंतीवर आणि अवस्था दुसरीवर, असं करू नका. एका ओळीत घासकागद, लाल झेरॉक्स, त्या अवस्थेचा कागद, असा क्रम ठेवा, म्हणजे बघणारा स्वतः तुलना करू शकतो. संपलेला ब्लॉकही ठेवा. शेजारच्या मजकुराने चित्राचा अर्थ सांगू नये. कोणत्या तारखेला कोणता पर्याय सोडला, एवढंच लिहा.

निळी_शाई

प्रश्न आता असा लिहिला आहे: "रिडक्शन लिनोकटच्या प्रत्येक अवस्थेत आधी चिन्हांकित केलेला आणि प्रत्यक्ष कोरलेला भाग यांत पडणारा फरक १३-१४ वर्षांची मुलं आणि संशोधक कलाकार कसा हाताळतात?" एकच शंका उरली: घासकागद छापण्याआधी घ्यायचा की नंतर?

राखाडी_पट्टी

प्रश्न चांगला आवळला आहे. घासकागद कोरून झाल्यावर आणि शाई लावण्याआधी. छापल्यानंतर घेतलात तर ब्लॉकवर उरलेली शाई कागदाला चिकटते आणि कोरलेल्या खोबणीतली शाईही उठून दिसते, मग काय गेलं ते नीट वाचता येत नाही. घासून झालं की ब्लॉक कोरड्या मऊ कापडाने पुसा, ग्राफाइटची भुकटी कडेवर राहिली तर पिवळ्या रंगात करडी झाक येते. पहिल्या अवस्थेआधी, काहीच कोरलेलं नसताना, एक कोरा घासकागद घ्यायला विसरू नका. लिनोचा स्वतःचा पोत, जुने ओरखडे सगळे त्यात येतात आणि नंतर ते तुमच्या किंवा मुलाच्या नावावर जात नाहीत. प्रत्येक कागदाच्या मागे साध्या पेन्सिलने ब्लॉक क्रमांक, अवस्था, तारीख आणि वरची बाजू कुठली ते लिहा. घासकागदात प्रतिमा ब्लॉकसारखीच येते आणि प्रिंटमध्ये उलटी, त्यामुळे वरच्या बाजूचा बाण नसेल तर दोन महिन्यांनी डावं-उजवं कळेनासं होतं.